बाहेर निजवलेली लेक

स्वीडनमध्ये लोक तान्ह्या लेकराला घराबाहेर, भर थंडीत निजवतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी चंद्रपूर सोडून नवऱ्यामागे गेलेच नसते. तो कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर. ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं होती. त्याला तिकडच्या कारखान्यात नोकरी लागली आणि सहा महिन्यांची लेक काखोटीला मारून आम्ही गेलो.

माझं माहेर गोंडपिपरीच्या पुढचं, जंगलाला लागून असलेलं खेडं. दिवेलागणीला पोरं घरात, दाराला अडसर, आणि माय एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायची. मी आठ वर्षांची असताना शेजारणीचं लेकरू बिबट्याने अंगणातल्या खाटेवरून नेलं. ती हात धुवायला आत गेली होती, तेवढ्याच वेळात.

तिकडे मला आठवड्यातून दोनदा भाषेच्या वर्गाला जावं लागे. खालच्या मजल्यावरची म्हातारी लेकीला सांभाळायला तयार झाली. पहिल्याच दिवशी वर्गावरून परतले तर बाबागाडी मागच्या अंगणात उभी. अंगणाला कुंपण नाही, पलीकडे सरळ जंगल सुरू. लेक गाडीत एकटीच, नाक लाल झालेलं, गाढ झोपलेली. आणि म्हातारी आत खिडकीशी निवांत विणत बसलेली! लेकीला उचलून मी धावत जिना चढले, दाराला कडी घातली, वर जेवणाचं टेबल ओढून लावलं. म्हातारी दार ठोठावत राहिली. मी उघडलं नाही.

संध्याकाळी नवरा हसला. "अवं, इथी बिबट नाई ना! काऊन भेऊन राह्यली?"

बिबट्या नाही हे मलाही ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी म्हातारी फोटो घेऊन आली. तिची चारही मुलं बर्फात, बाबागाड्यांमध्ये झोपलेली, गुबगुबीत. बाळ तपासायला येणाऱ्या नर्सनेही मोकळ्या हवेचे गुण गायले. तिच्या नजरेत मी वेडी ठरत होते. ही बाई पोर सांभाळायला लायक नाही असं कुठे लिहून टाकलं तर? ती धास्ती बिबट्याच्या वरताण निघाली, आणि मी मान डोलावली.

सुरुवातीला मी गाडीची दांडी धरूनच उभी राहायची. बोटं बधिर व्हायची, पण मी दांडी सोडायची नाही. मग दारात. मग खिडकीत, डोळा न लववता. एक हिवाळा असा जीव मुठीत धरून काढला. पुढच्या थंडीत लेक बाहेर झोपलेली असताना मी आत वरणाला फोडणी देऊ लागले. जिंकले, असं वाटलं मला. माहेरी तसं पत्रही लिहिलं, जरा फुशारकीनेच.

लेक साडेतीन वर्षांची झाल्यावर आम्ही पहिल्यांदा माहेरी आलो. तिसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला, मी तांदूळ धूत होते. मायने पोरं मोजली. एक कमी.

अंगणात नाही, गोठ्यात नाही. माय ताट बडवत, ओरडत, अनवाणी नाल्याकडे पळाली. मी तिच्यामागे. काट्यांच्या कुंपणापलीकडे, सागाच्या झाडाखाली लेक वाळल्या पानांवर आडवी झाली होती. आम्हाला पाहून म्हणाली, "आई, आजी का ओरडते?"

मायने तिला उचललं, घरात आणलं, अडसर घातला. मग धापा टाकत माझ्याकडे वळली.

"काऊन वं, पोरीले भेव नाई शिकवलं काय?"

मी लेकीला मांडीवर घेतलं आणि बिबट्या कसा दबकत येतो, लेकराला कुठे धरतो, सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. ऐकता ऐकता तिने माझा पदर मुठीत आवळला. ती दाराकडे बघायला लागली, मग थरथरायला लागली, आणि मला हायसं वाटलं.