आचाऱ्याचा मुलगा कॅप्टन

माझे साडू ज्या खोलीत बसलेले असतील, तिथे कोणालाही आपलं पूर्वायुष्य बदलता येत नाही, मग तो माणूस खरा असो की टीव्हीतला. हे मी कौतुकाने लिहीत नाही. राग अजून गेलेला नाही, आणि तो आहे तोवरच लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खडकीच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासणी विभागात काढली. मोजमापात केसाएवढा फरक दिसला की माल परत, हा त्यांचा धंदा आणि हाच स्वभाव. निवृत्तीनंतर परत पाठवायला माल उरला नाही, तेव्हा ते अंतराळावरच्या मालिकांकडे वळले. त्यातली एक त्यांनी फारच मनावर घेतली. एक जहाज, त्याचा कॅप्टन, आणि ताऱ्यांमधली अखंड वणवण. साडूंनी तिच्या नोंदींच्या वह्या केल्या. कोण कुठे जन्मला, कोणाला बहीण आहे, कोणाच्या कोणत्या हाताला जखम झाली, सगळं भागवार. चार सीझन, बावन्न भाग, तीन वह्या. आकडे मी स्वतः मोजलेत, कारण वारज्याला त्यांच्याकडे जेवायला गेलं की ताटाआधी वह्या पुढ्यात येतात. जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या सीझनमध्ये पोहता येत नव्हतं आणि तिसऱ्यात त्यांनी तळ्यात सूर मारला. साडूंनी टीव्ही बंद केला आणि मेव्हणीला विचारलं, "मधे शिकली म्हणावं, तर कुठे? जहाजावर तलाव दाखवलाय का?" मेव्हणी म्हणाली, "आपलं पाणी पावणेसातला जातं. तेवढं भरून घ्या."

पण खरा कहर चौथ्या सीझनमध्ये झाला. कॅप्टनचे वडील मालवाहू जहाजावर आचारी होते, असं पहिल्या सीझनपासून सांगितलेलं. आता कळलं की ते आरमाराचे गुप्त सेनापती, आचारीपण हे नुसतं सोंग. साडूंचं तीन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. मी समजूत घालायला गेलो.

"अहो, लेखक बदलले असतील. गोष्टच ती."

"मग आचाऱ्याचं पोर कॅप्टन झालं, ही गोष्ट काय वाईट होती? त्या आचाऱ्याची लाज कोणाला वाटली, एवढंच मला सांगा."

मी विषय बदलला. माझे वडील आचारी होते. खडकीच्या त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. आणि विजेच्या बिलात एका रुपयाची चूक सापडली तरी अर्ज करणारा मी, बावीस वर्षं लोकांना सांगत आलो की ते सुपरवायझर होते. माझी मुलगीही हेच ऐकून वाढली. साडूंसमोर मात्र हे बोलायचं नाही, एवढी खबरदारी मी कायम घेतली होती.

ती खबरदारी मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत सुटली. मुलगा हिंजवडीत नोकरीला, तिनेच पसंत केलेला, आणि त्याचे वडील निवृत्त अधिकारी. कुठे काही बिनसू नये या धास्तीने मला घाम फुटला होता. त्यांनी विचारलं, "आपले वडील काय करायचे?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "खडकीला सुपरवायझर होते."

"नाही," पोह्यांची बशी खाली ठेवत साडू म्हणाले. "कॅन्टीनला होते. आचारी. मी नोकरीला लागलो तेव्हा तेच होते तिथे."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. पाहुणे म्हणाले, "पोहे छान झालेत," आणि कळवतो म्हणून गेले.

चार दिवस काही कळवलं नाही. मुलगी जेवायला बाहेर येईना. मी साडूंना फोन लावला. "लग्न मोडलं तर वहीत कुठल्या पानावर लिहिणार?"

"मी खोटं बोललो का?"

"नाही."

"मग?"

मी फोन आपटला. आजही आपटेन. खऱ्यालाही वेळकाळ असतो, आणि माणसाची अब्रू म्हणजे टीव्हीवरचा भाग नव्हे.

पाचव्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. "मुहूर्त काढायला घ्या. वडील आचारी असण्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आणखी कोणाला सुपरवायझर केलं असेल, तर तेवढं आत्ताच सांगून टाका." "आणखी कोणी नाही," मी निमूटपणे म्हटलं.

मुलीने मला दोष दिला नाही. तिने एवढंच विचारलं, "बाबा, आजोबांच्या हातचं काय चांगलं व्हायचं?" मी त्या कॅन्टीनमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिने माझ्यासमोरच साडूंना फोन लावून स्पीकर चालू केला.

"बटाटेवडा," साडू ताबडतोब म्हणाले. "साडेनऊला पहिला घाणा. मी नवा होतो, पहिला पगार व्हायचा होता. तुझे आजोबा म्हणायचे, पैशाचं राहू दे, मीठ बघून सांग."

"आणि असायचं का बरोबर?"

साडू म्हणाले, "बाबांना विचार की. ते तर त्यांच्या घरात वाढले."

वडील घरी चुलीपाशी जात नसत. एकदाच, आई तापाने पडली होती तेव्हा, त्यांनी आमटी केली होती आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिले होते. मीठ बरोबर होतं. मी तसं म्हटलं नव्हतं.