कुमुद सिस्टरचा ‘मंग?’

इथे येणारे असे गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाचं मनातल्या मनात निदान करून टाकते. झोपेत छातीवर कोणी बसलं... स्लीप पॅरालिसिस. अंगात आलं... घरात कोणी ऐकून घेत नसेल. गेलेल्या काकांच्या विडीचा वास आला... एकदा मेंदूचा स्कॅन करून घ्या. डॉक्टर माणसाला ही खोडच असते. शिवाय मी मूळची वरोऱ्याची, बौद्ध कुटुंबातली, वडील शाळामास्तर. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. भुताखेताचा विषय निघाला की बाबा घाबरायचे नाहीत आणि हसायचेही नाहीत, सरळ चिडायचे. तेव्हा हे लिहिताना मला जरा लाजच वाटते आहे. पण या एका गोष्टीचं निदान मला वर्ष होत आलं तरी जमलेलं नाही, म्हणून लिहिते.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, मूलच्या पुढे गडचिरोलीच्या हद्दीला लागून असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथे नोकरी करायची आहे. गावाला मोठा तलाव आहे, त्याच्या बांधाला लागून मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं, पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मग जंगल. केंद्रात शिरलं की डावीकडे माझी ओपीडी. तिला लागून ड्रेसिंग रूम. दोन्हींच्या मध्ये दार नाही, नुसता हिरवा पडदा आहे.

गेल्या वर्षी मी इमर्जन्सी मेडिसिनच्या पात्रता परीक्षेची तयारी करत होते. लेखी परीक्षेत पास झाले होते. तोंडी परीक्षेत मात्र दोनदा नापास झाले. त्या परीक्षेत एकामागून एक टेबलं असतात. प्रत्येक टेबलावर एक पेशंट सांगतात — अमुक वय, अमुक त्रास — आणि तुम्ही काय बघाल, काय कराल ते क्रमाने, मोठ्याने बोलायचं असतं. आधी श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग नाडी आणि बीपी, मग मेंदू, शेवटी कपडे बाजूला करून सगळं अंग. माझी अडचण अशी की मी मनात विचार करते आणि हात चालवते. तोंड बंद. परीक्षकाला माझं मन कसं दिसणार? दोन्ही वेळा मार्क तिथेच गेले.

यावर तोडगा काढला तो कुमुद सिस्टरने. वय चौपन्न, ब्रह्मपुरीकडची, तीस वर्षं नोकरी झालेली, आणि माझ्यापेक्षा जास्त मरणं पाहिलेली. ओपीडी संपली, डबा खाल्ला की दुपारी दोनला आम्ही ड्रेसिंग रूममध्ये शिरायचो. मी केसची कार्डं लिहून ठेवली होती. सिस्टर कार्ड वाचायची, मी रिकाम्या कॉटसमोर उभी राहून बोलायची. एक पायरी बरोबर आली की सिस्टर म्हणायची, “मंग?” दुसरी आली की पुन्हा, “मंग?” शब्द एकच, पण तो तिचा. शेवट वर उचललेला, गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखा. आणि मी काही विसरले की ‘मंग’ यायचाच नाही. त्याऐवजी ती पेनाने स्टीलच्या ट्रेवर दोनदा वाजवायची... टक टक. म्हणजे मागे जा, काहीतरी राहिलं.

एक नियम आणखी होता. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहायची. कारण सिस्टरच्या तोंडावर सगळं उत्तर छापलेलं असतं. तिचे डोळे बघूनच मी पास झाले असते. महिनाभरात पाठीमागून येणाऱ्या त्या ‘मंग?’ची मला इतकी सवय झाली की घरी भाजी चिरतानासुद्धा मी त्याच्यासाठी थांबायला लागले. माझा नवरा म्हणाला, “तुझी परीक्षा झाली की आधी तुलाच दाखवून आणू.”

रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते, परीक्षेला बारा दिवस राहिले होते. बुधवार. सकाळी साडेदहा-पावणेअकराला ओपीडीत तापाच्या पेशंटची ही रांग. त्यात यशोदाबाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी संगीता, चोवीस वर्षांची, रोवण्यासाठी माहेरी आलेली. पहाटेपासून पोट दुखतंय, एकदा उलटी झाली, गळ्यात अडकल्यासारखं वाटतंय. पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. रांगेतल्या निम्म्या बायांचं पोट दुखतच होतं. ॲसिडिटीचं इंजेक्शन द्यावं आणि घरी पाठवावं, असं मी ठरवलंही होतं. हे कबूल करायला मला अजूनही आवडत नाही.

इंजेक्शनसाठी मी तिला पडद्यामागे कॉटवर झोपवलं. आणि तिथे उभी राहिल्याबरोबर, केवळ सवयीने, बोलायला लागले.

“श्वासमार्ग मोकळा. पेशंट बोलते आहे.”

मागून आवाज आला, “मंग?”

“श्वास मिनिटाला अठरा. दोन्ही बाजूंना हवा सारखी.”

“मंग?”

“नाडी शंभर. बीपी ठीक.”

“मंग?”

“शुद्धीवर आहे. प्रश्नांना उत्तर देते.”

मागे काहीच नाही. मग — टक टक.

मला रागच आला. अहो, बाहेर चाळीस माणसं बसलीत आणि तुम्ही कसली परीक्षा घेताय, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण नियम म्हणजे नियम, मी वळले नाही. मागे गेले. मेंदू... शुद्ध... काय राहिलं? डोळे. डोळे पाहिलेच नव्हते. संगीताच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. मला वाटलं होतं, झोप झाली नसेल. मी म्हटलं, वर बघ. तिला पापण्या उचलता येईनात.

“एक दिसतं का दोन?”

“मायचे दोन तोंडं दिसून राह्यले,” ती म्हणाली. तिचा आवाज आता नाकातून येत होता.

“झोपली कुठं होतीस?”

उत्तर यशोदाबाईने दिलं. “खालीच. अंथरून टाकून. रातच्याले पायाले काईतरी वळवळलं म्हणे. मी म्हनलं उंदीर असन.”

मी पाय पाहिले. खूण नाही, सूज नाही. मण्यार साप चावल्याची खूण बहुतेक वेळा दिसतच नाही. पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गळा, मग श्वास. हे कार्ड मी स्वतः लिहिलं होतं. त्यावर लाल पेनाने तीन रेघा मारल्या होत्या.

“सिस्टर, अँटीव्हेनम. दहा व्हायल. अंबू बॅग जवळ ठेवा.”

कपाट उघडल्याचा आवाज आला नाही. मी पुन्हा ओरडले आणि तेव्हा कुठे वळले. मागे कोणीच नव्हतं. टेबल, भिंत, लसीकरणाचं पोस्टर. माझ्या ओरडण्याने आमचे अटेंडंट भास्करभाऊ पडदा सरकवून आत आले.

“सिस्टर कुठं आहेत?”

“सिस्टर?” भास्करभाऊ माझ्याकडे पाहतच राहिले. “त्या त सकाळीच लसीकरनाले गेल्या ना मॅडम. तिथल्या नर्सताई रजेवर हायेत म्हनून तुमीच त पाठवलं. सही बी तुमचीच हाये.”

खरंच माझी सही होती. आठ वाजता केलेली. तेवढ्यात संगीता थुंकी गिळेनाशी झाली. भास्करभाऊंनी व्हायल काढल्या, मी लाइन लावली, ॲम्ब्युलन्स आली. रस्त्यात तिचा श्वास उथळ झाला. तेव्हापासून जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत मी हाताने श्वास देणारी ती अंबू बॅग दाबत राहिले... दाब, सोड, दाब, सोड. त्या सगळ्या वेळात मागून एकदाही ‘मंग?’ आला नाही. पायरी एकच उरली होती म्हणून असेल.

संगीता चार दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि वाचली. इंजेक्शन देऊन घरी पाठवली असती, तर दुपारपर्यंत अंथरुणातच गेली असती. हे मी कोणाला सहसा सांगत नाही.

संध्याकाळी आयसीयूबाहेरच्या बाकावर यशोदाबाई माझ्या शेजारी बसली होती. मी तिला काहीच विचारलं नव्हतं. तीच आपणहून म्हणाली, “तुमच्या त्या नर्सबाई चांगल्या हायेत, मॅडम. मांगून मंग-मंग करत राह्यल्या. तुमाले थांबूच नाई देल्लं.”

“तुम्ही पाहिलं त्यांना?”

“नाई बा. मी पोरीच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती.”

 पण डॉक्टरची खोड जात नाही. गाडीतून परत येताना मी निदान केलं. महिनाभराची सवय, परीक्षेचा ताण. मीच माझ्या तोंडाने ‘मंग?’ म्हटलं असणार आणि मीच कशावर तरी पेन आपटलं असणार. यशोदाबाईने माझाच आवाज ऐकला. केंद्रावर आल्यावर भास्करभाऊंना त्या आवाजाचं आणि ट्रेचं विचारलं तर ते म्हणाले, मी औषधाच्या खोलीत होतो, मले फक्त तुमचा आवाज आला. झालं, सुटलं कोडं. तेवढ्यात ते म्हणाले, “अन् ट्रे कुठचा वाजन मॅडम? ट्रे त सिस्टर घेऊन गेल्या होत्या.”

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरला सगळं सांगितलं. ती आधी हसली. यशोदाबाईचं बोलणं सांगितलं तेव्हा मात्र हसू थांबलं. चौदा किलोमीटरवरच्या अंगणवाडीत, त्या वेळी, ती बाळांना टोचत होती. रजिस्टरमध्ये ओळीने नावं होती, एकाही जागी खंड नव्हता.

“चक्कर वगैरे? काही वाटलं का तुम्हाला?”

“काईच नाई. तेच त भेव वाटून राह्यलं,” ती म्हणाली. “माहा आवाज इथी येते, काम करून जाते, अन् मलेच मालूम नाई? आता मले ते कार्डं नका देऊ, मॅडम.”

मी चिडले. परीक्षा माझी तोंडावर आलेली आणि ही बाई ऐनवेळी हात वर करते! उरलेले दिवस मी भिंतीशी बोलले.

तोंडी परीक्षेत पाचव्या टेबलावर मी अडकले. अपघाताची केस होती. एक पायरी सुटली आहे हे कळत होतं, कोणती ते कळत नव्हतं. मी गप्प झाले आणि... वाट पाहिली. खरंच पाहिली. कान मागे लावून उभी राहिले, टक टक यावं म्हणून. एसीचा आवाज येत होता. परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि वेळ संपली म्हणाले. त्या एका टेबलाने मी तिसऱ्यांदा नापास झाले. बसमध्ये खूप रडले. संगीतासाठी येता येतं आणि माझ्यासाठी येता येत नाही? हा प्रश्न मी नेमका कोणाला विचारत होते, ते बाबांना कळलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

धान कापणीच्या सुमाराला संगीता आणि यशोदाबाई तपासणीला आल्या. पिशवीत पळसाच्या पानांत बांधलेले मासे होते, तलावातले, सकाळीच काढलेले. मला वाटलं माझ्यासाठी असतील. इतक्यात बाहेर कुमुद सिस्टर कोणाला तरी म्हणाली, “मंग? गोळ्या संपल्या त आल्या काऊन नाई?”

यशोदाबाई जागच्या जागी थांबली. “ह्याच,” ती म्हणाली. “ह्याच त्या बाई. हाच आवाज.” आणि सरळ बाहेर जाऊन तिने मासे सिस्टरच्या हातात दिले आणि पायाशी वाकली.

“मी नव्हती वं माय,” सिस्टर मागे सरली. “मी इथी नव्हतीच त्या दिवशी. देवाशपत.”

“असं कसं? मी आयकलं ना. तुमी टोकलं नसतं त माही पोरगी गेली असती.”

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “घेऊ का, मॅडम? मी त काईच नाई केलं.”

गाडीतून परत येताना केलेलं माझं निदान तिथेच बाद झालं होतं. यशोदाबाई त्या बुधवारी केंद्रात पहिल्यांदाच आली होती, सिस्टरला तिने त्याआधी कधी बोलताना ऐकलेलं नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं. मी बाबांची मुलगी. खरं काय ते सांगायला हवं होतं. पण खरं काय, तेच मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “घ्या, सिस्टर. आवाज तुमचाच होता.”

तिने मासे पदराखाली धरले आणि रडत रडत आत गेली.

अजूनही मला यातलं काही समजलेलं नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा, मी रागावणार नाही. चौथ्यांदा परीक्षेला बसते आहे. मासे घेतले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सिस्टर आपणहून कार्डं घेऊन ड्रेसिंग रूममध्ये आली. फक्त आता ती ‘मंग?’ म्हणत नाही. पुस्तकातल्यासारखं “पुढे?” म्हणते, तेही अवघडून, आणि मला हसू येतं. चुकलं की “चुकलं” म्हणते. ट्रे तिने कपाटात ठेवून दिला आहे.

आम्ही यावर कधी बोललो नाही. पण बाकी कुठेही दिवसातून पन्नासदा ‘मंग?’ म्हणणारी ही बाई पडद्याच्या आत आली की तो शब्द तोंडातून काढत नाही, आणि मीही काढत नाही. त्या खोलीत पुन्हा कधी तो ऐकू आला, तर तो आमच्यापैकी कोणाचा नाही, एवढं तरी आम्हाला लगेच कळायला हवं.