एका मापाची अक्षरं

त्यांच्याबद्दल मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले: 'तो' लिहू की 'ते'? आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, आणि तेही लिहून. तिथे लहानथोर सगळ्यांना एकच 'यू'. त्या सोयीवर मी इतकी वर्षं त्यांच्याशी मनसोक्त भांडले. ते वयाने माझ्या वडिलांएवढे होते हे फार उशिरा कळलं, म्हणून आता 'ते' लिहिते आहे. भांडताना मात्र मनात 'तू'च असायचं.

आम्ही दोघं मिळून एक फाँट सांभाळत होतो. प्रोग्रामर लोक कोड लिहिताना वापरतात तसला. त्यात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. त्यामुळे ओळीखाली ओळ आली की अक्षराखाली अक्षर बरोबर बसतं, आणि कुठे काही चुकलं तर डोळ्याला लगेच खटकतं. फाँट फुकट. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. दूरच्या एका थंड देशात बसून त्यांनी तो एकट्याने सुरू केला होता. मी मालवणात, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करता करता, हौसेने त्यात देवनागरी घातली. मराठीत कोड कोण लिहितो, असं मला अजून विचारतात. कोड नाही, पण कोडमध्ये माणसांची नावं असतात, गावांची असतात, आणि ती वाचता आली पाहिजेत की नाही? पगार आम्हा दोघांनाही नव्हता. तक्रारी मात्र जगभरातून यायच्या. शून्य आणि ओ सारखे दिसतात, स्वल्पविराम दिसतच नाही, भ चा म वाटतो. त्या एकेक निस्तरत राहणं म्हणजेच फाँट सांभाळणं.

आईला हे काम कधी पटलं नाही. "अक्षरां काय कोण नवी काढता?" ती म्हणायची. "ती आसतच."

आमचं भांडण जागेवरून होतं. इंग्रजी अक्षरं थोडी कुरकुर करून का होईना, एका मापात बसतात. आपली बसत नाहीत. र ला अर्धी जागा पुरते, ण ला दीड लागते, श्र चं तर विचारूच नका. त्यांनी प्रत्येक अक्षरासाठी आखलेली खोली इंग्रजीच्या अंगाची. मी तिच्यात ण कोंबायची, मग त्याच्या रेघा एकमेकींना चिकटायच्या आणि लहान आकारात नुसता काळा डाग दिसायचा. मी म्हणायची, खोली सगळ्यांसाठीच थोडी रुंद करू, सगळी अक्षरं नव्याने काढू. ते म्हणायचे, नाही. ह्या मापाच्या भरवशावर लोकांनी आपापले स्क्रीन जुळवलेत, माप वाढलं की त्यांच्या ओळी कडेबाहेर जातील. ज्याचं नीट चाललंय त्याचं आपण बिघडवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मी त्यांना हेकट म्हटलं. त्यांनी मला उतावळी म्हटलं. दोघांचंही खरं होतं.

पण ह्याच हेकट माणसाने एक अख्खा पावसाळा ळ वर घालवला. मी काढलेला ळ त्यांना आवडला नव्हता, आणि का आवडला नाही हे सांगता येत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, ह्याचा आवाज कसा आहे? आई मागच्या दारी बांगडे साफ करत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. "नारळ," ती म्हणाली. "केळ. काळो. खुळो." आणि वर, "तेका सांग, जीभ उलटी करूक होयी." मी तेवढं इंग्रजी करून रेकॉर्डिंगबरोबर पाठवलं. त्यांनी कळवलं की जीभ काही उलटत नाही, पण अक्षर कुठे वळायला हवं ते समजलं. सोबत नवा ळ होता. दोन्ही वेटोळ्यांना श्वास घ्यायला जागा असलेला. इतका चांगला ळ मी कुठल्याच फाँटात पाहिला नव्हता, आणि तसं त्यांना कळवलंसुद्धा. कौतुक मी सहसा करत नाही.

अखेर एकदा मी त्यांच्याशी वाद घालायचं सोडून रुंद मापाची सगळी अक्षरंच काढून पाठवली. त्यांचं उत्तर छोटं होतं. "पटतंय. मला एकदा सगळं सावकाश बघू दे." त्यानंतर ते गप्प झाले.

आधी मला रागच आला. पुन्हा हेका धरून बसले म्हटलं. नवी आवृत्ती काढायची चावी फक्त त्यांच्याकडे, त्यामुळे माझं सगळं काम अडलं. तक्रारी साचल्या. फाँटच्या वेबपानावर लोक लिहू लागले, हे मेलं का? कुणी मला थेट सांगितलं, तुम्ही वेगळं काढा. काढता आलंही असतं. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, वेगळी चूल. परवान्यात अट एकच होती: अक्षरं घ्या, हवी तशी बदला, पण बदललेल्या अक्षरांना जुनं नाव लावायचं असेल तर मालकाला विचारा. मी नवं नावही ठरवलं.

जेवताना आईला सांगितलं, तर तिचा हात ताटातच थांबला.

"तो आजारी आसलो तर? बापूस अंथरुणार आसताना कोण चूल येगळी करता गो?"

"तो माझा बाप नाही, आई."

"नसांदे. आधी तो आसा काय नाय ता बघ."

बघणार कसं? मला त्यांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. एका पक्ष्याचं नाव आणि पुढे दोन आकडे, एवढीच त्यांची ओळख. बसून बसून त्यांची पाठ दुखते, चहात ते दूध घालत नाहीत, हे मला माहीत होतं. घरात कोणी आहे का, हे कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या पत्त्यावर मेल केली. मग पुन्हा केली. अक्षरांबद्दल एक शब्दही न लिहिता, तुम्ही बरे आहात ना, एवढंच विचारलं. चूल मांडायचं तोवर तसंच ठेवलं.

बऱ्याच आठवड्यांनी त्यांच्या पत्त्यावरून उत्तर आलं. पहिल्या ओळीतच कळलं की हे लिहिणारं माणूस वेगळं आहे. मुलगी होती. वडील हिवाळ्यात गेले, तिने लिहिलं होतं. दुखणं लांबलं नाही. कॉम्प्युटर आता उघडला, तर तुमचीच पत्रं. ते दिवसभर काय करतात हे आम्हाला नीट कधी कळलं नाही. तुम्ही त्यांच्या कोण?

ह्या प्रश्नाचं उत्तर मी किती वेळा लिहिलं आणि खोडलं! सहकारी लिहिलं तर कोरडं वाटे. मैत्रीण लिहावं तर मैत्रीत माणसं निदान एकमेकांचा चेहरा तरी बघतात. शेवटी मी त्या प्रश्नाला बगल दिली आणि तुझे वडील काय करायचे ते तिला सविस्तर लिहिलं. ळ बद्दल लिहिलं. तिने उलट कळवलं, फाँट तुम्हीच घ्या, नावासकट घ्या. नाव मी घेतलं नाही. त्यांचा फाँट त्यांच्या मापात, त्यांच्या नावाने, होता तसा ठेवला, आणि रुंद अक्षरं दुसऱ्या नावाने बाहेर काढली. तक्रारी आता दोन्हीकडच्या येतात.

"मिस्सा घालूया तेच्या नावान," आई म्हणाली. म्हणजे चर्चमध्ये त्यांच्या नावाने प्रार्थना.

"अगं, तो देव मानत होता की नाही तेही माहीत नाही."

"मेलो मां? मगे?"

मी मुलीला विचारलं. तिने लिहिलं, बाबा लहानपणानंतर चर्चमध्ये गेले नाहीत. त्यांना आवडलं नसतं, पण मला आवडेल. शेवटी तिने त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं. ते मी पहिल्यांदा वाचलं. चर्चच्या कचेरीत कारकुनाने नाव लिहून घेतलं आणि सवयीने विचारलं, "तुमचे कोण?" मी म्हटलं, नुसतं नाव लिहा.

रविवारी फादरांनी नावं वाचली. आमच्याच वाडीतली दोन नावं झाली आणि मग ते. फादर अडखळले, परत पहिल्यापासून म्हणाले, दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आलं. आईने मान खाली घातली. मी समोर बघत राहिले. डोळे कोरडेच होते.

मिस्सा संपल्यावर बाहेर पायरीवर शेजारच्या म्हाताऱ्या बाईने आईला गाठलं. "ता परक्या देशातला नाव कोणाचा गो? तुमचो कोण?"

आईला माझ्यासारखा विचार करावा लागला नाही. "हिच्याबरोबर भांडणारो होतो," ती म्हणाली. "गेलो."

बाईने मान हलवली. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं होतं. त्यांच्या जाण्याची बातमी मी फाँटच्या पानावर दिली तेव्हा लोकांनी खाली रडक्या चेहऱ्यांच्या खुणा टाकल्या होत्या. त्या त्यांच्यासाठी होत्या आणि रास्त होत्या. माझं काही गेलंय, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, मलाही नीटसं आलं नव्हतं. बाई दोन पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली. माझे दोन्ही हात तिने आपल्या हातात घेतले.

"वायट झाला गो बाय," ती म्हणाली, आणि भर गर्दीत मला मोठ्याने रडू फुटलं.