कॅरिअरच्या नटावरचा पिवळा ठिपका

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एखाद्या संशयी मालकाकडे बारा वर्षं काढली, की ते आपोआप साचतात. पान्यांच्या पेटीच्या तळाशी कुठल्या गाडीचे ते न कळणारे नट साचतात ना, तसे!

आमचे मालक म्हणजे वामनराव. सत्तरच्या दशकात नागपूरच्या कामठी रोडवर त्यांचं दुकान होतं. काम एकच: फटफटीला मागे लोखंडी कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या बॅगा पक्क्या बसवून द्यायच्या. फिटर तीन. वामनराव स्वतः, गुलाबभाऊ आणि मी. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी, मग स्प्रिंग वॉशर, मग नट, त्यावर आणखी एक नट. कसून झालं की नट आणि फ्रेम यांच्यावर मिळून रंगाचा एक ठिपका द्यायचा. नट हलला की ठिपका फुटतो, लगेच कळतं.

इथवर ठीक. पण वामनरावांनी प्रत्येकाला वेगळा रंग दिला होता. त्यांचा लाल, गुलाबभाऊचा हिरवा, माझा पिवळा. का, तर कॅरिअर पडलं की गुन्हेगार लगेच सापडावा!

*

कॅरिअर पक्कं बसलं की नाही, हे वामनराव स्वतः त्यावर बसून पाहत. नुसते बसत नसत, उड्या मारत. वजन भरपूर. गाडी खालीवर होई आणि गिऱ्हाईक हँडल घट्ट धरून ठेवी.

एकदा कामठीच्या एका बाई नवऱ्याबरोबर आल्या होत्या. वामनरावांच्या सात-आठ उड्या त्यांनी मुकाट्यानं पाहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, आमाले यावर लुगड्यांचे गठ्ठे न्यायचे हायेत. तुम्हाले नाही न्यायचं!"

*

खापरखेड्याच्या कॉलनीतून एकजण बायकोला मागे बसवून भांडायलाच आला. बॅगेला खालून भोक पडलं होतं. "तुम्ही बॅग सायलेन्सरले टेकवून बसवली. जळाली ना!"

वामनरावांनी बॅग नाकाशी धरली. मग आत हात घातला, भोकातून बोट बाहेर काढलं आणि कोर्टात वकील विचारतो तसं विचारलं, "भोक आतून काहून पडलं गा? सायलेन्सर आत ठेवला होता काय?"

त्यानं बॅग ओढून घेतली. बायको मात्र त्याच्याकडे वळली. "काहो, तुम्ही त बिडी सोडली होती नं!"

गाडी सुरू व्हायच्या आधीच ती पायी स्टॉपकडे निघाली होती.

*

मग माझ्यावर वेळ आली. पारशिवनीकडचा एक बियाण्यांचा एजंट सासरी तूप घेऊन चालला होता. वाटेत कॅरिअर निसटलं आणि डबाभर तूप रस्त्यावर गेलं. तो तुटका क्लॅम्प घेऊन दुकानात आला. नटावर ठिपका पिवळा!

ती गाडी मी हाताळल्याचं मला काही केल्या आठवेना. पण रंगापुढे कोण काय बोलणार?

वामनराव मला म्हणाले, "देवा, आता दुसरं पडलं त पाना खाली ठेवजो अन् घरी जाजो."

तेव्हा माझी बायको आठव्या महिन्यात होती. नागपुरात दुसऱ्या कुठल्या दुकानात ओळख नव्हती. त्या दिवशी घरी मला जेवण गेलं नाही. डोक्यात एकच किडा: माझा रंग दुसऱ्याच्या कामावर लावला कोणी? रंगाचे डबे तर उघड्या फळीवर असत. वामनराव लावणार नाहीत, मग उरला कोण? गुलाबभाऊ!

चार वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो. आज सांगताना लाज वाटते.

*

गुलाबभाऊच्या हाताला लागू नये म्हणून मी पिवळा रंग जेवणाच्या डब्यातच आणायला लागलो. खालच्या पुडात रंग, वरच्या पुडात पिठलं. घाईघाईत एका गाडीला ठिपके दिले आणि दिली सोडून.

दोन दिवसांनी गिऱ्हाईक परत. "वामनराव, तुमच्या नटाले मुंग्या काहून लागून राहिल्या?"

वामनरावांनी चष्मा लावून नट पाहिला. ठिपक्याला बोट लावलं, बोट जिभेला लावलं, थोडा विचार केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मीठ कमी हाय."

त्याच दिवशी नवा कायदा झाला. प्रत्येकाला एक पेटी, पेटीत आपापला रंग, पेटीला कुलूप. आणि प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली वामनरावांच्या करदोड्याला. "माहा कोनावरच भरोसा नाही," ते म्हणाले.

मला मात्र हायसं वाटलं. गुलाबभाऊच्या हाती आता माझा रंग लागणार नव्हता.

*

महिन्याभरानं पारशिवनीचे एक गुरुजी फटफटी ढकलत आले. कॅरिअर एका बाजूला लोंबत होतं, शाळेच्या वह्यांचा गठ्ठा त्यांच्या डोक्यावर होता. वामनराव वाकले आणि सरळ होऊन नुसतं बोट दाखवलं. नटावर पिवळा.

मी पाना खाली ठेवला. घरी आता काय सांगायचं, एवढंच मनात होतं. गुलाबभाऊ जवळ आला आणि कधी नव्हे ते त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "मले त आठवते, वामनराव, मागच्याच आठवड्यात हे कॅरिअर तुम्हीच बसवून देल्लं होतं. घरी पाहुणे हायेत म्हणून घाईत होते तुम्ही."

"मी? मी बसवलं असतं त लाल नसता काय? रंग पाहा ना, गुरुजी."

गुरुजींनी वह्या खाली ठेवल्या. खाली वाकून त्यांनी अंगठ्याचं नख ठिपक्यावर घासलं. पिवळ्याचा एक पोपडा उडाला. खाली लाल.

वामनरावांचं तोंड आधी उतरलं, मग नेहमीच्या सवयीनं कडक झालं. ते माझ्याकडे वळले.

"देवा, तुह्या पेटीची किल्ली कोनाकोनापाशी राहते गा?"

"एक माह्यापाशी, मालक," मी म्हणालो. "दुसरी तुमच्या करदोड्याले."