मुरवलेला कच्चा खेकडा

प्रत्येकासमोर काळ्या दगडी वाडग्यात, सोया सॉसमध्ये मुरवलेला कच्चा खेकडा आला. वेटर हळू आवाजात त्याची कुळकथा सांगत होता. त्या बुळबुळीत गराकडे बघून मला सर्दी झालेल्या पोराचं नाक आठवत होतं. माझी नात सई चमचाभर तोंडात घालून म्हणाली, "वा, काय वेगळीच चव आहे." समोर तिचा होणारा नवरा खुलला. हे महागडं कोरियन हॉटेल त्यानेच निवडलं होतं. पण सईचा घास गालातच अडकला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

तो घास माझ्या ओळखीचा. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासरी वजरी होती, बोकडाच्या आतड्यांची. तो रबरी, वासट तुकडा मी न चावता गिळला आणि लाडात येऊन म्हटलं, "किती छान." केवढी मी शहाणी. मग ह्यांनी जन्मभर, दर रविवारी, पहिली वजरी प्रेमाने माझ्याच पानात वाढली.

"मला किळस येतेय बाई," मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. "सई, तुला?"

सईने नॅपकिन तोंडाशी नेला. "मलाही, आजी."

त्याचा चेहरा पडला. मग त्याने तिचा वाडगा स्वतःकडे ओढला. "आधी नाही का सांगायचं? मला एक कमीच पडत होता." आणि तो मिटक्या मारत नांगी चोखू लागला.

मी तोंड फिरवलं. पण मुलगा पसंत केला.