जपानचा तक्ता

जपानच्या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं दुपारी, आणि संध्याकाळी त्याच तक्त्याची गुंडाळी करून पप्पांनी मला झोडपलं. पुठ्ठ्याची गुंडाळी लागत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा कानावर खाऊन बघावी.

तेव्हा मी नववीत होते, भोसरीत. भूगोलाच्या बाईंनी देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आपल्या वाट्याच्या देशाची माहिती जमवायची, तक्ता करायचा आणि प्रदर्शनात उभं राहून तो समजावून सांगायचा. बाकीच्यांनी नेटवरून झेंडे नि डोंगर छापून आणले. मला जपान आला. मी म्हटलं, छापील जपान कशाला चिकटवू, आमच्या घरात खरा आहे. पप्पा एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवायचे आणि ती प्रेस जपानची होती, जुनी विकत आणलेली. आत पत्रा ठेवायचा, प्रेस दाणकन खाली येते, पार्ट तयार. लातूरकडून आलेला आपला बाप जपानी मशीन हाकतो याचा मला भारी माज होता.

एका रविवारी पप्पांचा ओव्हरटाइम होता. डबा द्यायला गेले तेव्हा फोटो काढला. मशीनवर दोन हात आणि दोन बटणं असं चित्र होतं. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली येणार, म्हणजे हात आत सापडायची भीती नाही. पण तसं केलं तर माल कमी निघतो. म्हणून एक बटण लाकडी पाचर मारून, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून कायमचं दाबून टाकलेलं असायचं. पाचरी सुपरवायझरच वाटायचा, सगळ्या मशीनला. यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. फोटो मी तक्त्याच्या मधोमध लावला.

प्रदर्शनाला चाकणच्या मोठ्या कंपनीतले साहेब पाहुणे होते. मी बेटं, भूकंप, राजधानी सगळं धडाधड सांगितलं. मग शहाणपणा सुचला. म्हटलं, "सर, तुमच्या कंपनीचे पार्ट याच मशीनवर निघतात."

साहेब फोटोवर वाकले. "हे बटण कुणी बांधलं?"

"माझ्या पप्पांनी. एका हातानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं पत्रा घालायचा. माल भराभर निघतो."

त्यांनी वर्कशॉपचं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी माझ्या तक्त्याचा फोटो काढून घेतला. मला वाटलं, आवडला.

चार वाजेपर्यंत त्या साहेबांचा फोन वर्कशॉपच्या शेठकडे पोचला होता आणि पाचला पप्पा गेटबाहेर होते. घरी आले ते चपला न काढता. "कुणी सांगितलं व्हतं तोंड उचकटायला? नोकरी घालवलीस माझी." गुंडाळी फाटेपर्यंत मारलं, मग हातानं. ओठ फुटला, दात हलला. शेवटी आई लाटणं उगारून मधे आली, "आता हात लावा, मग बघा." तेव्हा त्यांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मी कोपऱ्यात बसून म्हणत होते, मर एकदाचा. हो, म्हणत होते. उगाच खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन शेठकडे गेले. शेठ तिथलाच, जुन्या गावकऱ्यांपैकी. चहा मागवला आणि पप्पांपुढे कोरा कागद सरकवला. "कंपनीला दाखवायला लिहून दे. बटण मीच माझ्या मनानं बांधलं, शेठ न्हाई म्हणत व्हते. हे लिव्हलंस की उद्यापासून कामाला ये. तुझी जागा हायच."

पप्पांनी पेन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "पण पाचर तर सुपरवायझर..." त्यांनी माझी मानगूट अशी धरली की पुढचं गिळलं. लिहिलं. त्यांनी सही केली. घरी आईला एवढंच सांगितलं की शेठनं परत घेतलं. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघून आई त्यांच्याशी बोलत नव्हती, त्यामुळे तिनं पुढं विचारलंही नाही.

आठ दिवस दोन्ही बटणं मोकळी होती. मग ऑर्डर अडली आणि सुपरवायझर पुन्हा पाचरी घेऊन फिरला. महिन्याच्या आत प्रेस पप्पांच्या उजव्या हातावर आली. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात शेठ शहाळी घेऊन आला. आई त्याच्या अंगावर धावून गेली. गचांडी धरून ओरडली, बटण कुणी बांधायला लावलं ते बोल, नाहीतर पोलिसांत जाते. शेठनं शांतपणे तिचे हात सोडवले आणि खिशातून त्या कागदाची झेरॉक्स काढून तिला दिली.

तिनं ती दोनदा वाचली. "ह्यांना तर सहीपुरतंच येतं," ती म्हणाली. "हे लिहिलं कुणी?"

पप्पांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "मी."