अश्लेषाने निवडलेला कोर्स

आपली मुलगी काही मागतच नाही, ही काळजी उर्मिलाच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. इतरांच्या मुली हट्ट करतात, दारं आपटतात. सोळा वर्षांच्या अश्लेषाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, खास सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत : "एनीथिंग, लाह."

पूर्वी ती अशी नव्हती. चार वर्षांची असताना पुण्याहून सिंगापूरला आली, तेव्हा सेंगकांग भागातलं अख्खं घर तिच्या तालावर नाचायचं. मग समुद्राकाठच्या पासिर रिसला राहायला आल्यावर तिला समुद्राचं वेड लागलं. ओहोटीला चपला हातात घेऊन चिखलात शिरायची आणि जेवताना खेकड्यांच्या गोष्टी इंग्रजीत सांगत सुटायची. मामा फोनवर चिडवायचा, "काय मॅडम, मराठी विसरलात वाटतं?" "यस, फरगॉट!" म्हणून ती हसायची.

तिला आता जड मराठी कळत नाही असं समजून आईबाप तिच्या या इंग्रजीवर विसंबले. वर्षभरापासून चांगी बिझनेस पार्कमधल्या अश्लेषाच्या बाबांच्या, म्हणजे प्रसन्नच्या, ऑफिसात माणसं कमी करत होते. नोकरी गेली की सिंगापुरात राहायचा पास गेला, आणि पास गेला की बिऱ्हाड उचलायचं. हे बोलणं निघालं की प्रसन्न हळूच म्हणे, "जरा जड मराठीत बोल, ती ऐकतेय." मग जेवणाच्या टेबलावर 'कपात', 'मुदतवाढ', 'स्थलांतर' असे शब्द सुरू होत. अश्लेषा खाली मान घालून जेवत राही.

जूनच्या सुट्टीत एका विद्यापीठाचा समर प्रोग्रॅम होता. शनिवारी दुपारी मायलेकी कोर्स निवडायला बसल्या.

"हा बघ तुझा! सागरी जीवशास्त्र. बोटीने बेटावर नेणार आहेत."

अश्लेषाने ते नुसतं वाचलं आणि ती पुढे गेली. "डेटा अ‍ॅनालिटिक्स, कॅन." म्हणजे चालेल.

"अगं, आकडे पाहिले की तुझं डोकं दुखतं!"

"फ्रेंड्स आर टेकिंग, आई."

"कोण फ्रेंड्स? एकीचं तरी नाव सांग."

अश्लेषाने नाव सांगायचं सोडून कोर्सखालच्या ओळीवर बोट ठेवलं. मग ती सरळ मराठीत म्हणाली, "तो ऑनलाइन आहे. बाबांना मुदतवाढ नाही मिळाली, तर पुण्यातूनही करता येईल."

उर्मिला तिच्याकडे वळली. "तुला... कधीपासून कळतंय?"

"पहिल्यापासून. तुम्ही दोघं एवढं शुद्ध बोलायला लागलात की समजायचं, काहीतरी वाईट झालंय."

"मग विचारलं का नाहीस गं?"

"तुम्ही सांगितलं असतं?"

उर्मिलाला एकेक आठवू लागलं. मुलीने वाढदिवसाला फिशटँक नको म्हटलं होतं, शाळेची डायव्हिंगची सहल नाकारली होती. उर्मिलाने तेव्हा कौतुकाने मैत्रिणींना सांगितलं होतं, किती समजूतदार आहे म्हणून. पोर वर्षभर एकटीच मनातल्या मनात सामान आवरत होती.

"फॉर्म भरू का मग?" अश्लेषाने विचारलं.

"नको. थांब जरा."

प्रसन्न आज शनिवार असूनही कामावर होता. हल्ली त्याला ऑफिसात फोन करायचा नाही, असं ठरलंच होतं. फोन वाजला की त्याला वाटे, आता आपलंच बोलावणं आलं. आज वाटू दे, उर्मिलाने ठरवलं. नोकरीचं नक्की काय होणार, हे त्यालाही ठाऊक नसेल. पण तेवढं तरी त्याने आपल्या तोंडाने अश्लेषाला सांगायला हवं, आणि ते तिने फॉर्म भरायच्या आत. उर्मिलाने फोन उचलला आणि त्याचा नंबर लावला.